पाळी बदलताना

सोहारला पहाटे सव्वापाचला बस मला कॅम्पच्या फाटकाशी सोडते.
पॉटरूमची धातूची चव अजून जिभेवर.
एकवीस नंबरच्या खोलीत चहाचा पेला कोमट,
नुवान नुकताच दिवसपाळीला गेलेला,
आणि लॅपटॉपच्या झाकणावर त्याची चिठ्ठी:
तुझी पाळी.

आम्ही दोघं एका खोलीत राहतो, भेटतो शुक्रवारी.
उरलेले सहा दिवस
एका गोठलेल्या नदीवरच्या पुलासाठी
एकमेकांची माणसं मारतो.
बाहेर सकाळीच अडतीस अंश, पडद्यावर बर्फ.

आधी मी काहीच हलवत नाही.
हे शिकायला अख्खा एक डाव गेला.
तेव्हा उजाडताच आठही रणगाडे पुलावर सोडले होते,
उतावळे नवरे, गुडघ्याला बाशिंग बांधून.
गिरणीमागे नुवानची एकच तोफ.
तीन जळाले.
चौथा वळायला गेला, तर वळण्यापुरते गुण
त्याच्या गाठीला नव्हते.

म्हणून आता नुसतं फिरतो नकाशाभर, बोट न लावता.
काल जे दिसत होते आणि आज दिसत नाहीत
त्यांचीच भीती बाळगायची.

मग टेहळ्या. त्याचं नाव मी दिगंबर ठेवलंय,
आमच्या जुन्या टाइमकीपरवरून.
दिगंबर, धावायचं नाही. रांगायचं.
तो ओढ्याकाठाने तीन षट्कोन सरकतो, थांबतो.
झुडपात दोन शिरस्त्राणं.
बस, एवढ्याचसाठी पाठवलं होतं तुला.

मग धूर. आधी धूर, पाऊल मागाहून.
मग लांबची तोफ, मग जवळच्या बंदुका,
आणि ज्यांना उघड्यावर चालायचंय
ते अगदी शेवटी, जेव्हा बघणारे डोळे
एक तर मिटलेत किंवा दुसरीकडे वळलेत.

कारखान्यात शिहाब अल-मामरी हेच सांगतो,
वितळलेला रस भरलेली कढई वर उचलताना:
शुवय्या, शुवय्या.
आधी खाली कोण उभं आहे ते बघ.
मग वर बघ.
मग बटण.

आणि प्रत्येकाचे दोन गुण राखायचे.
पुढचं घर कितीही जवळ असो.
ते दोन गुण त्याच्या पाळीत कामी येतात,
तो उठून धावला की एक तरी गोळी आपली.
पगारातले वीस रियाल मी असेच मागे ठेवतो.
घरी सांगितलेलं नाही.
कशासाठी ते मलाही माहीत नाही.

झोप डोळ्यांत उतरते तेव्हा चुका होतात.
खाली डाव्या कोपऱ्यात मोर्टारवाले चौघे
तीन पाळ्या तसेच बसून होते.
मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.
भरपूर दारूगोळा, समोर स्वच्छ मैदान,
आणि कुणी हाक मारेना.

शेवटी यंत्र विचारतं: पाळी संपवायची?
हो म्हटलं की पुन्हा विचारतं: नक्की?
इतक्या अदबीने इथे मला दुसरं कुणी काही विचारत नाही.

*

रमजानचा नवा तक्ता लागला
आणि आम्ही दोघं एकाच पाळीत आलो.
आता तो समोरच्या खाटेवर असतो, जागा.
मला सुचेनासं झालंय.
त्याचा श्वास ऐकू येतो, घोरणं तर आहेच,
पायाला जुना भाजल्याचा डाग आहे हेही आत्ताच कळलं.
सहा महिने मी ज्याला घेरत होतो
तो नखं कापताना शीळ घालतो.

माझी पाळी आली की तो भिंतीकडे तोंड करून बसतो.
माझी लपलेली माणसं दिसू नयेत म्हणून.
मी सांगितलं नव्हतं.
त्याच्या पाळीत मीही तसाच बसतो,
भिंतीवरचे पोपडे मोजत.

झाली का, तो विचारतो, मान न वळवता.

थांब.
कोपऱ्यात चौघे आहेत अजून.